लाल झाकण

खोट्या ब्रेकला जागा व्हावी म्हणून खरा ब्रेक ग्राइंडरने घासायचा, ही विद्या राणीगंजाच्या गल्ल्यांत आता राजरोस चालते. अजून तिचा डिप्लोमा निघालेला नाही, एवढंच.

गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचंच आहे. नोकरी गच्चीबावलीला, घर काचिगुड्याला, गाडी हप्त्यांवर, आई-वडील मागच्या सीटवर. कंपनीची चाकं त्याला म्हातारी वाटतात, म्हणून काळी अलॉय, तीही दोन इंच मोठी. मोठ्या चाकाच्या आऱ्यांतून आतलं सगळं दिसतं, आणि आत दिसतो एका पिस्टनचा, तांबेरलेला, गरीब कॅलिपर. रेसच्या गाडीत कसा लाल, तगडा असतो! त्यावर बाजाराने औषध काढलंय: लाल प्लास्टिकचं झाकण. आतून पोकळ, वर चंदेरी परदेशी अक्षरं. सिलिकॉन फासायचं, कॅलिपरवर दाबायचं, झाला शर्यतीचा ब्रेक. मागच्या चाकांना बिचाऱ्यांना कॅलिपरच नसतो, ड्रम असतात. काही हरकत नाही, तिथे ड्रमवर खोटी डिस्क आणि खोट्या डिस्कवर खोटा कॅलिपर.

मग चाक चढवतात आणि आरा झाकणाला घासतो.

घासणारच. चाकावर सोळा लिहिलंय म्हणजे रिमचा व्यास सोळा इंच. आरे बाहेर किती फुगलेत, चाकाचा ऑफसेट किती, हे त्या सोळात कुठे येतं? शहाण्याने कॅलिपरच्या पाठीवर शाडूचा गोळा थापावा, चाक चढवून हाताने एक फेरी द्यावी, उतरवून दबलेल्या शाडूची जाडी मोजावी. दोन-तीन मिलीमीटर तरी भरली पाहिजे, नाहीतर चाक दुकानदाराला परत. पण इथे आधी पैसे दिले जातात, मग चाकासोबत फोटो काढले जातात आणि मोजायची पाळी आलीच तर शेवटी. तोवर उस्तादने स्पेसर काढलेला असतो. पाच मिलीमीटरची चकती हबवर ठेवली की चाक तेवढं बाहेर सरकतं. स्टडच्या आट्यांचं अंतर दीड मिलीमीटर, म्हणजे नटाच्या पकडीतले तीन आटे गेले, चौथाही थोडा गेला. कोण मोजतंय? एवढं करूनही एका कोपऱ्यात टेकतंच. उस्ताद प्लग लावतो. "हल्का मारते मियाँ, कुछ नै होता."

आता नीट ऐका. घासतोय कुणाला, तर झाकणाला. साधा माणूस म्हणेल, झाकण काढा. पण झाकण काढलं तर दिसणार काय? म्हणून झाकण बाजूला ठेवून त्याच्या खालचं बीड तासायचं, म्हणजे झाकण आणखी आत बसेल. अरे, ते बीड आहे म्हणून तुझी गाडी थांबते! त्या पोटात ब्रेक ऑइल आहे, आणि नवं कोरं डॉट ३ ऑइल असलं तरी त्याच्या उत्कलनबिंदूची हमी २०५ अंशांची. ओल शोषत गेलं की तीही घसरते. मे महिन्यात पंजागुट्ट्याहून अमीरपेटला येताना दर दहा पावलांवर पाय ब्रेकवर, आणि तापलेल्या कॅलिपरला वारा लागू नये म्हणून वर लाल रजई! शिवाय हाच माणूस पॅड बदलताना पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, "लोकल का डालो" म्हणतो, टायर गुळगुळीत होऊन तार दिसेपर्यंत ओढतो, मागे बसलेल्या आईला पट्टा लाव म्हणत नाही कारण पट्ट्याने साडी चुरगळते. बॉनेटवर हवेचं भोक चिकटवलेलं, त्यात हवा शिरत नाही. मागे दोन सायलेन्सरची तोंडं, धूर निघतो तिसऱ्याच नळीतून. आउटर रिंग रोडवर १२० ची परवानगी आहे म्हटल्यावर हा १२० ने जातो. आणि ही सगळी जत्रा थांबायची कशाच्या जोरावर, तर उस्तादने हल्का मारलेल्या बिडाच्या.

मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलात मनाने बदल करू नये, असं ते सांगतं. बिचारं कलम. त्याने वाकून चाकात डोकावायचं कधी?

असो, गाडी सजली. चारमिनारसमोर फोटो झाला. झाकण आणि आरा यांच्यात कागद सरकेल एवढी फट राहिली, आणि वर्षभराने पॅड संपले. इथे खरी गंमत आहे, कारण सरकत्या कॅलिपरचा बाहेरचा पंजा पॅड झिजेल तसा गाडीच्या बाजूला आत सरकत जातो. फट मापली होती ती झिजक्या पॅडवर. नवे जाड पॅड घातले, पंजा परत बाहेर आला, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत कर्रर्र.

उस्तादने, त्याचं भलं होवो, इलाज सरळ सांगितले. झाकण काढा, नाहीतर चाक बदला.

गिऱ्हाइकाने दोन्ही ऐकले, थोडा विचार केला आणि विचारलं, "पुराने पॅड फेंके तो नै ना?"