आधी कात्री, मग झूम

रेम्ब्रांटचे १६४२चे ‘द नाइट वॉच’ १७१५ साली ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवायचे ठरले. नेमून दिलेल्या भिंतीवर ते मावेना. भिंतीला हात लावण्यापेक्षा चित्र छाटणे सोयीचे, असा शहाणा विचार करून चारही बाजूंना कात्री लावण्यात आली. तुकडे कुठे गेले, ते आजतागायत कळलेले नाही.

भरपाई मात्र राजेशाही झाली! २०२१मध्ये राइक्सम्युझियम या संग्रहालयाने गेरिट लुंडेन्सच्या सतराव्या शतकातल्या नकलेवरून संगणकाकरवी हरवलेल्या कडा तयार करून घेतल्या. २०२२मध्ये ८,४३९ छायाचित्रे जोडून ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा सर्वांसाठी खुली केली. एकेक पिक्सेल मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा!

या प्रतिमेच्या आधारे संशोधक रंगांचे म्हातारपण न्याहाळतात. हौशी रसिकाचे काम सोपे. चित्रातल्या कॅप्टनच्या डोळ्यात शिरायचे, तिथून भेगांमध्ये, भेगांतून रंगाच्या कणात. एवढ्या खोलवर गेल्यावर चित्रात नेमके काय चालले आहे, हे विचारण्याची सोय उरत नाही.

संग्रहालयातला प्रेक्षक त्या मानाने सुटसुटीत. तो मूळ चित्राकडे पाठ करतो, हात लांबवतो आणि आपल्या खांद्यामागे रेम्ब्रांट कितपत मावतो, ते तपासतो. नाहीच मावला, तर कडा छाटायला फोन आहेच.