मी असं म्हटलंच नव्हतं

"पीओपीची मूर्ती नदीत सोडू नका," असं पेणमध्ये कुणी म्हणायचा अवकाश, पलीकडून उत्तर येतं, "म्हणजे आम्ही गणपतीच बसवायचे नाहीत?"

बसवू नका असं म्हटलं कुणी?

उलट बाजूलाही तेच. हमरापूर-जोह्याचा मूर्ती कारखानदार सांगतो, शाडू जड, वाळायला वेळ लागतो, प्रवासात तडकतो. सगळा धंदा पीओपीबंदीच्या एका आदेशानं कसा बदलू? शहरातल्या पर्यावरणप्रेमीच्या कानात शिरतं ते एवढंच, "याला नद्या मारायच्यात."

मुंबई उच्च न्यायालयानं ९ जून २०२५ रोजी पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय नाही, असं तेव्हा बजावलं. घडवणं वेगळं, बुडवणं वेगळं. कोर्टाला दिसलेला हा फरक नाक्यावर का दिसत नाही?

दिसला तर मूळ मुद्द्याला उत्तर द्यावं लागेल ना!

रोह्यात जा. धाटावच्या कारखान्यांजवळ कुंडलिका नदीचं पाणी तपासा म्हणा. "कामगारांच्या पोटावर पाय देता?" तपासायला सांगितलं होतं, टाळं ठोकायला नव्हे.

या खेळात माणूस फसतो कुठं? न बोललेल्या वाक्याचा खुलासा करत बसतो तिथं. "मी धर्मविरोधी नाही हो" म्हणालात, की संध्याकाळपर्यंत चर्चा तुमच्या धर्मावर. नदी राहिली बाजूला.

पेणच्या शेतकऱ्यांनी ही चूक केली नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला, म्हणजे सेझला, विरोध केला म्हणून त्यांच्यावर विकासविरोधी असा शिक्का बसला. मागत काय होते? हेटवणे धरणाचं पाणी, स्वतःच्या शेताला. पाणी मागणारा विकासाच्या आड कसा येतो? आमच्या जमिनी धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, हा मुद्दा ते धरून राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत मतदान घ्यावं लागलं. प्रश्न एकच: सेझ हवा की नको?

मतपत्रिकेवरचा प्रश्न कुणाला वाकवता येत नाही.

ग्रामसभेत मतपत्रिका नसते. तिथं सरळ म्हणावं, "मी काय बोललो ते आधी तुमच्या तोंडून सांगा, मग खोडा." निम्मे गप्प बसतील. उरलेल्यांशी बोलण्यात अर्थ आहे.

हे आपल्यालाही लागू. हमरापूरच्या कारखानदारानं नदी घाण करायची परवानगी मागितलेली नाही. पुरेसा शाडू कुठून, कोणत्या भावानं आणणार आणि भर पावसात त्या मूर्ती वाळवायच्या कुठं, एवढंच त्यानं विचारलंय.

त्याला उत्तर कोण देणार?