अक्षांशराव

पत्ता विचारला की आकडे सांगणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. आमच्या परळीतला थर्मलमधून, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातून, निवृत्त झालाय. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय; गावात ते अक्षांशराव.

वैजनाथाच्या मंदिराची वाट विचारणाऱ्याला परळीचा माणूस हात करून पायऱ्या दाखवतो. अक्षांशराव चष्मा कपाळावर चढवून सुरू होतात, "अठरा अंश पन्नास मिनिटं, पुढं दशांश..." तोवर यात्रेकरू दर्शन घेऊन प्रसादाच्या दुकानात पोचलेला असतो. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत विवाहस्थळाखाली त्यांनी हट्टानं नुसते अक्षांश-रेखांश छापून घेतले. छापखान्यात मिनिटाचा एक आकडा चुकला. एक मिनिट म्हणजे जवळपास दोन किलोमीटर! मुलीकडचे मामा अक्षता घेऊन ज्वारीच्या रानात उभे.

हा नाद त्यांना लावला त्यांच्या परदेशातल्या पोरानं. नादाचं नाव जिओकॅशिंग. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएस उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. आधी शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र एकदम शहाणं झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनच्या जंगलात एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला: या, शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. आता जगभर लाखो डबे लपलेत. त्यातला एक वाण नदीच्या काठी आहे. अर्थात अक्षांशरावांचाच.

डबा ठेवायचा तर जागेच्या मालकाची परवानगी हवी, असा या खेळाचा नियम. नदीकाठची ती पट्टी सरकारी. खालून पाण्याची पाइपलाइन गेलेली. दुसरा कुणी गुपचूप ठेवून आला असता. अक्षांशरावांनी तिकीट लावून अर्ज केला.

"डब्यात काय?" साहेबांनी विचारलं.

"वही आणि पेन्सिल."

"मग लपवता कशाला?"

"लोकांना सापडावा म्हणून."

साहेबांनी शेरा मारला, 'जागेचा तपशील जोडावा'. अक्षांशरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडं आपणहून तपशील मागत होतं. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत आकडे, चारी कोपऱ्यांचे, तीन प्रतींत. इतका तपशील वाचण्यापेक्षा परवानगी सोपी, असं साहेबांना वाटलं असावं.

भर मे महिन्यात ते मला तिकडं घेऊन गेले. पात्रात दगड, वेडी बाभूळ आणि बकऱ्या. मी विचारलं, "नदी कुठाय?"

त्यांनी मोबाइल पुढं धरला. "ही काय."

पडद्यावर निळी रेघ ठसठशीत होती. बोलता बोलता त्यांचा आवाज जरा उतरला. जन्म गेला तो पाण्याची वाफ करण्यात. १९७१ साली सुरू झालेला तीस मेगावॉटचा पहिला संच केव्हाच मोडीत निघाला. २०१३ साली तर पाण्यावाचून अख्खं थर्मल थंड पडलं होतं. "तेव्हा आकडे बरोबर होते हो," म्हणाले, "पाणीच जागेवर नव्हतं."

तेवढ्यात बकऱ्यांमागचं पोरगं आलं. "काका, आज बी डबा हुडकायलाव का? त्या बाभळीच्या बुडाला हाय की!" पोरग्याला अंश नाही न् मिनिट नाही. अक्षांशराव मात्र यंत्राकडं बघत चार पावलं पूर्वेला, दोन उत्तरेला करत शेवटी त्याच बाभळीपाशी आले. काटा बोटात मोडला, तोही नोंद केल्यासारखा निरखून पाहिला.

वही काढली. मला वाटलं होतं, कोरी असेल. पहिल्या पानावर पुण्याच्या दोन पोरी, दर्शनाला आलेल्या. खाली त्या पोरग्यानं आपल्या प्रत्येक बकरीचं नाव ओळीनं लिहिलेलं. शाळेत हजेरी घेतात तशी. एका आजोबांचा अंगठा, शेजारी 'गुप्तधन नाही, खात्री केली'. हे वाचताना मी हसलो, पण खरं सांगायचं तर त्या काठाला कुणी पायी फिरकल्याचं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. या बाबाच्या आकड्यांनी माणसं तिथवर आणली, हे मान्य करावंच लागतं. त्यांच्यासमोर करणार नाही; लगेच अचूक स्थान विचारतील.

पुढची सगळी पानं मात्र एकाच अक्षरात होती. पाइपलाइनवर फिरणाऱ्या रखवालदाराचं. तारीख, वेळ, 'डबा तपासला, आक्षेपार्ह काही नाही', खाली सही. रोज रात्री. पेन्सिल संपली तेव्हा नवी त्यानंच आणून ठेवली, आणि पाच रुपये अक्षांशरावांच्या नावे वहीतच उधार मांडले.