बिऱ्हाड एमएच-३७

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं आपण म्हणतो, पण त्या बिऱ्हाडात फ्रिज नसतो हे सोयीस्करपणे विसरतो. मोटारीमागे ओढायचं पंचवीस फुटी ट्रेलरघर घ्यायचं, आत पलंग, ओटा, संडास आणि छतावर सौर पॅनेलं बसवायची आणि पुढचं आयुष्य फिरतीवर काढायचं, ही अमेरिकेतली हौस मोबाइलच्या पडद्यावरून आता वाशिम जिल्ह्यालाही दिसू लागली आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. वजन मात्र असतं, आणि असं भरलेलं घर तीन टनांच्या घरात जातं. ते सजवणारा प्रत्येकजण एकच विचारतो, आत काय काय मावेल? माझं म्हणणं असं की फिरत्या घराचा निकाल बाहेर लागतो. ते उभं कुठे राहणार, पाणी कोण देणार आणि शेजारी किती दिवस सोसणार, यावर. पटत नसेल तर कारंज्यापासून रिसोडपर्यंत असं एक घर निदान मनातल्या मनात ओढून पाहावं. डिझेल लागत नाही.

निघण्याआधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी फेरफार करू देत नाही, म्हणजे सुताराला बोलावण्याआधी साहेबाला विचारावं लागतं. शिवाय नोंदणीला राहण्याचा पुरावा हवा. जो कायमचा गाडीतच राहणार तो राहतो कुठे? गाडीत. गाडी कुठे असते? तो असेल तिथे. या प्रश्नोत्तरातून एमएच-३७ची पाटी हाती पडायची तर एखाद्या काकांच्या पक्क्या घराचा पत्ता द्यावाच लागतो. मग समृद्धी महामार्गावरून कारंज्याला उतरायचं, तेही मे महिन्यात. पारा चाळिशीच्या पुढे, आणि पत्र्याचं घर. छतावर १०० वॉटची चार पॅनेलं असली तर भर उन्हात फार तर ४०० वॉट मिळतात. दीड टनी एसी त्याच्या तिपटी-चौपटीने मागतो. म्हणून कूलर. कूलर वीज कमी खातो, पण पाणी पितो. १५० लिटरची टाकी म्हणजे १५० किलो, आणि ती संध्याकाळपर्यंत रिकामी. त्यात वऱ्हाडी घर उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तुरीची डाळ, सरगुंडे आणि खारोड्या भरल्याशिवाय स्वतःला घर म्हणवत नाही. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा असा नियम आहे. गव्हाची कोठी मागे ठेवली की चढ्या वेगात घर शेपूट हलवू लागतं. एक सोय आणली की तिच्या सेवेला दुसरी आणावी लागते, आणि सगळ्यांची सेवा शेवटी मालक करतो.

हे काही आपल्याकडचंच रडगाणं नाही. हौसेखातर खास बांधून घेतलेल्या पहिल्या फिरत्या घरांत ज्याचं नाव निघतं, ते ‘वाँडरर’ १८८५ साली ब्रिटनमध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी करवून घेतलं. वजन दोन टनांच्या आसपास. ते ओढायला दोन घोडे, घोड्यांसाठी गाडीवान, मालकासाठी नोकर, सोबतीला कुत्रा आणि काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघे. एकांतासाठी निघालेल्या माणसाने वरातच काढली होती.

आता मानोरा तालुक्यात वळावं, कारण या विषयातले जाणते पोहरादेवीला आहेत. संत सेवालाल महाराजांचं हे समाधिस्थान बंजाऱ्यांची काशी मानलं जातं. बंजाऱ्यांचे पूर्वज मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरले. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली आग्रा-पाटणा वाटेवर १४,००० बैलांचा तांडा भेटला. बायकापोरं बरोबर, आणि दिवसाची चाल सहा-सात मैल, तीही ऊन टाळून. एका बैलावर साधारण दीड क्विंटल माल, म्हणजे आपल्या कूलरची टाकी. तांड्याने मालासाठी बैल वापरला, आपण गारव्यासाठी वापरणार. पण खरी मेख पुढे आहे. आख्यायिका अशी की मोगल सैन्याला रसद पुरवणाऱ्या भंगी आणि जंगी नायकांना आसफखानाने ताम्रपट दिला: पाणी नसेल तिथे लोकांच्या रांजणातलं घ्या, चारा नसेल तिथे छपराचं गवत काढा. गावकऱ्यांना काय वाटलं ते ताम्रपटात नाही. पण धंदा कळणाऱ्या माणसांनी बादशाही दरबारातून काय मिळवलं बघा. पाणी आणि चारा घ्यायचा हक्क. पडद्यांच्या रंगाचा उल्लेख नाही.

यावर कोणी म्हणेल, तांडा हा पोटाचा व्यवहार, ट्रेलर ही हौस, तुलना कशाला? मान्य. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर तो धंदा बसला, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच पुढे अनेक तांड्यांच्या वाट्याला आला, आणि त्यात रम्य काही नव्हतं. पण म्हणूनच त्यांचा दाखला घ्यायचा. हौशी माणूस कंटाळला की घरी जातो. ज्याला घरी जाणं नसतं त्याने काय जवळ ठेवलं आणि काय टाकलं, ती यादी भरवशाची. दुसरा आक्षेप भाविकांचा: शेगावहून गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, वारकरी महिनाभर घराबाहेर राहतात, त्यांचं कुठे अडतं? अडत नाही, कारण मेडशी, शिरपूर, रिसोड हे मुक्काम आधीच ठरलेले असतात आणि गावं जेवण घेऊन उभी असतात. हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. २०२१च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात गाडीच्या जोडीला ती उभी करायच्या पार्कचाही विचार आहे. संडासाची टाकी कुठे रिकामी करू, असं शेतमालकाला विचारल्यावर जी शांतता पसरते, ती ऐकली की पार्कचं महत्त्व कळतं.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता राहते अशी श्रद्धा आहे. तीन टनी ट्रेलरला ती सवलत नाही. मृग बरसला की आपली काळी माती त्याला प्रेमाने आत ओढते. समतोलासाठी लावलेले जॅक सोयाबीनच्या आधी रुजतात. मग ट्रॅक्टरवाला येतो, दोर बांधतो आणि जाता जाता आत डोकावून विचारतो, सगळं आहे, मग राहता कुठे? प्रश्न बरोबर आहे. तांडा हा शब्द एकेकाळी चालत्या माणसांचा होता. आज वाशिममध्ये तांडा म्हटलं की शाळा, हातपंप आणि एसटीचा थांबा असलेली वस्ती डोळ्यांपुढे येते. चालण्यात ज्यांनी पिढ्या घालवल्या त्यांनी शब्दालासुद्धा घर बांधून दिलं. ट्रेलरवाल्याने निदान हातपंप कुठे आहे तेवढं विचारून निघावं.