श्रीयुत परतावेसाहेब यांस खुले पत्र

मु. पो. हळ्ळीखेड (बी), ता. हुमनाबाद, जि. बीदर

रा. रा. परतावेसाहेब,


आपण निघालात कधी, पोहोचणार कधी? वाट पाहणं आम्हाला नवं नाही. बीदर-गुलबर्गा रेल्वेचीही वर्षानुवर्षं पाहिली. 2017 च्या ऑक्टोबरात का होईना, ती आली.

वडिलांना सोलापूरच्या एका दवाखान्यात दाखल करताना काउंटरवरच्या पोरानं अनामतीच्या नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या. ‘कॅशलेस मंजूर झालं की परत मिळतील, काका.’ मंजूर झालं आणि आपण ‘प्रोसेसमध्ये’ गेलात! घेताना रोख चालली. देताना मूळ पावती, पासबुकाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक आणि खातं पेशंटच्याच नावाचं. विमा नियामकानं मे 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय: कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. ते घड्याळ विमा कंपनीच्या भिंतीवर. दवाखान्याच्या अकाउंट्सच्या खोलीत आम्हाला फक्त कॅलेंडर दिसलं.

आपल्या येण्याची कुणकुण लागताच घरात वाटे पडले. मेहुण्यांना बोअरची मोटार सुचली, पोराला मोबाइल. जणू लॉटरीच लागली! खरं तर अनामतीची निम्मी रक्कम बचत गटाची, निम्मी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून काढलेली. पाटल्यांवर व्याज चालूच आहे. त्याला प्रोसेस लागत नाही.

परत आलेल्या पैशाचं काय करायचं, ते अमेरिकेत तर नियमानं ठरतं. तिथं 2004 पासून उपचारांसाठी करमुक्त बचत खातं आहे. त्यातून दिलेले पैसे डॉक्टरनं परत केले, तर ते पुन्हा त्याच खात्यात भरायचे किंवा तेवढा दुसरा उपचारखर्च दाखवायचा. खात्यातून पैसे चुकून गेल्याचं ध्यानात आल्यावर पुढच्या वर्षीच्या 15 एप्रिलपर्यंत मुदत. नाहीतर कर, वर 65 च्या आतल्यांना 20 टक्के दंड. केवढा कारभार! आमच्याकडे गटाच्या अध्यक्ष अक्का दारात येऊन एवढंच म्हणाल्या, ‘मोटार नंतर घ्या. पैसे गटाचे आहेत.’ मेहुणे त्याच संध्याकाळच्या एसटीनं गेले.

तरी साहेब, वडिलांच्या खात्यात एकदाचे उतरा. आधी पाटल्या सोडवू, मग गटाचा हिशेब.

आणि वाचकहो, अनामत भरताना पावतीवर ‘परत मिळण्याजोगी’ असं लिहून घ्या. मूळ पावती द्यावीच लागली, तर तिच्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आपला,
एक अनामतदार