राजाचे पाय

पॅरिसच्या लूव्रमध्ये चौदाव्या लुईचं एक चित्र आहे. यासिंत रिगोनं १७०१ साली रंगवलेलं, उंची पावणेतीन मीटर. एवढ्या उंच चित्रासमोर मान वर करण्याआधी नजर पडते ती राजाच्या पायांवर. राजा ६३ वर्षांचा, संधिवातानं गांजलेला. पण पांढऱ्या रेशमी मोज्यांतले पाय मात्र विशीतल्या नर्तकाचे. तरुणपणी तो दरबारी नृत्यनाट्यांत खरोखरच नाचायचा, तेव्हा या पायांना खोटे कसं म्हणणार? जुने म्हणू. बुटांच्या टाचा लाल. तसल्या टाचा पैसे मोजून कोणीही शिवून घेतल्या असत्या, पण घालायचा मान दरबारातल्या मोजक्यांचाच.

अंगावर राज्याभिषेकाचा झगा. निळ्या मखमलीवर सोनेरी लिलीची फुलं, आत पांढरीशुभ्र फर. आणि पाय दिसावेत म्हणून तो अगदी बेतानं बाजूला सारलेला. राजदंड तर चक्क उलटा धरलाय, फिरायला निघालेले आजोबा काठी टेकवतात तसा. नवा राजा असता तर त्यानं तो दोन्ही हातांनी सरळ धरला असता, पडेल या भीतीनं.

मग वर चेहरा. तो रिगोनं वेगळ्या छोट्या कापडावर रंगवला आणि नंतर मोठ्या चित्रात बसवला. बरोबरच आहे, राजाला ताटकळत कोण उभं करणार? झग्याला वेळच वेळ होता. पण या चेहऱ्यात गंमत आहे. राजाचे वरचे दात केव्हाच गेले होते आणि आत गेलेलं ते तोंड रिगोनं झाकलेलं नाही. पाय विशीचे, तोंड साठीचं, आणि राजानं दोन्ही पसंत केलं! दात नसलेल्या आपल्यापुढेही सगळा व्हर्सायचा दरबार वाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. त्याचा स्वभाव मला दिसतो तो त्या मिटलेल्या ओठांत.

१८४० मध्ये इंग्रज लेखक थॅकरेनं व्यंगचित्र काढून या चित्राची खिल्ली उडवली. एकीकडे नुसता पोशाख, मधे टकला, पोट सुटलेला म्हातारा, आणि दोघांची बेरीज म्हणजे महाराज. विनोद फक्कड आहे, पण ही बेरीज लुईला येत नव्हती असं थोडंच आहे? त्यानंच तर ती मांडून घेतली होती.

चित्र खरं तर नातवासाठी होतं. सतराव्या वर्षी स्पेनच्या गादीवर बसलेल्या पाचव्या फिलिपला ते पाठवायचं ठरलं होतं. तयार झाल्यावर आजोबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतलं. नातवानं आजोबांना पाहिलेलंच होतं की!