काकांच्या समुद्राला शेवाळ

— अगं मंजू, कपडे वाळत घालून झाले असले तर ये जरा गडग्यापाशी. पाऊस उघडलाय तोवर विचारून घेते. तू शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली, तुझं तरी ऐकतील हे.

— काय झालं काकू? काकांची नवी टाकी ना?

— नवी कसली! निवृत्तीचे पैसे आले, तसे खाऱ्या पाण्यात गेले. मासे दोनच, ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि वाळूवर, काचेवर जिकडेतिकडे तपकिरी थर. पाहुणे आले की मी पडदा ओढते हो टाकीवर.

— बोटाने पुसला तर सहज निघतो का?

— निघतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

— मग ते डायटम. एकपेशीय शेवाळ, अंगाभोवती सिलिकाचं कवच असलेलं. नव्या टाकीत बहुतेक तेच पहिलं येतं. पाण्यातलं, वाळूतलं सिलिकेट संपत आलं की ओसरतं. पाणी कुठलं घातलंत?

— आमच्या विहिरीचं. अख्खी आळी पिते ते!

— प्यायला झकासच आहे. पण त्यात विरघळलेलं सिलिकेट डायटमना आयतंच मिळतं. टाकीसाठी आरओचं पाणी पुढे आयन काढणाऱ्या डीआय गाळणीतून काढायचं आणि मग त्यात समुद्री मीठ कालवायचं.

— हे तर म्हणत होते, भाट्याला एवढा समुद्र पडलाय, मीठ विकत कशाला? कॅन भरून आणतो.

— आत्ता? पावसाळ्यात काजळी नदीचं सगळं गोडं, गढूळ पाणी तिथेच उतरतं. टाकीला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे घनता १.०२५ च्या आसपास. आणि एक सांगा, पाणी आटलं की काका वरून काय ओततात?

— मिठाचंच की. खारी टाकी ना ती!

— अहो, आटतं ते पाणी. मीठ आतच राहतं. भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची, नाहीतर खारेपणा चढत जातो.

— बघ! आणि त्या कोपऱ्यावरच्या भावोजींना कोणी विचारलं नव्हतं, तरी येऊन सांगून गेले, सगळे दगड बाहेर काढा, नळाखाली खसाखसा घासा, थोडं ब्लीच लावा. स्वतःच्या अंगणात हे एवढं गवत वाढलंय, ते दिसत नाही त्यांना.

— घासले नाहीत ना? त्या दगडांवरच तर जिवाणू वस्तीला असतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करणारे ते हेच. त्यांची घडी बसायला चार-सहा आठवडे लागतात. दगड धुतले की पुन्हा पहिल्यापासून.

— कालपासून एका दगडावर हिरवे केसही दिसायला लागलेत.

— हां, ते मात्र तपकिरी थरासारखं आपण होऊन जाईलच असं नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट असेल तोवर ते वाढणार. हाताने उपटून बाहेर टाका. दिवा सात-आठ तासच. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. खाणं कितीदा घालतात काका?

— आता तुला खरं सांगू? डॉक्टरांनी ह्यांचं मधल्या वेळचं खाणं बंद केलंय, साखरेमुळे. तेव्हापासून स्वतःला भूक लागली की जाऊन माशांना घालतात! चहाला घालतात, बातम्या बघताना घालतात.

— मग शेवाळ मेहनतीने पोसलंयत तुम्ही! दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजतं, त्यातूनच फॉस्फेट येतं.

— बाजारात औषध मिळतं म्हणे, दोन थेंबांत साफ.

— त्यातल्या काहींत तांबं असतं. पुढे गोगलगायी सोडाल, त्या मरतील. टर्बो, ट्रोकस जातीच्या गोगलगायी काच, दगड छान खरवडून खातात. पण अमोनिया, नायट्राइट शून्य झाल्यावरच सोडा आणि थोड्याच. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात. आणि समजा लालसर सायीसारखा पापुद्रा धरला, तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. नळीने ओढून काढा आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. साचल्या पाण्यात त्याचं फावतं.

— यांना आता पोवळ्याचा खडक हवाय. कोणीतरी ओळखीचा समुद्रातून काढून देतो म्हणाला.

— नको हो! पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. काकांना म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावाल.

— मग सध्या करायचं काय, एका वाक्यात सांग.

— खाणं कमी, दिवा कमी, पाणी चांगलं, आणि रोज नवा उपाय नको. एक बदल केला की दोन आठवडे थांबून बघायचं. तपकिरी थर तर बहुधा तेवढ्यातच विरेल.

— हे शेवटचं ह्यांच्यासमोर बोलू नकोस हं. आपोआप जातं म्हणून कळलं, तर पाणी बदलायची बादली माझ्याच हातात येईल. तू आपली सांग, काकांनी दर रविवारी स्वतः बदललं तरच जातं.